जास्त डीबी म्हणजे स्वच्छ आवाज? मामा, आधी तो बूस्टर बंद करा

परवा मामांचा फोन आला. त्यांच्या फोनवर नेटवर्कच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि 'हॅलो'च्या पुढचा एक शब्द कळेल तर शपथ. म्हणाले, "अगं, ग्रुपवर आला होता ना, तो बूस्टर लावलाय." बूस्टर म्हणजे मोबाइलचा सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर, आणि डीबी (डेसिबल) म्हणजे सिग्नल किती वाढला याचं माप. ग्रुपवरचा मेसेज असा: 'जितके जास्त डीबी तितका आवाज स्वच्छ. शेजाऱ्यांना काडीचा त्रास नाही. कनेक्टरला सोन्याचा मुलामा, म्हणून बिघाड शून्य. उघड विकतात, म्हणजे कायदेशीर.'

मांडवातला भोंगा पूर्ण पिळला की आरती ऐकू येते की खरखर? तेच इथे. अँप्लिफायरची ताकद संपली की लाटेचे माथे छाटले जातात आणि आत आलेल्या दोन फ्रिक्वेन्सींतून नको त्या नव्या निपजतात. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. टॉवरकडून ९३६ आणि ९५८ मेगाहर्ट्झ आले असं धरा. ९३६ची दुप्पट १८७२, वजा ९५८, उरले ९१४. आणि ८९० ते ९१५ हा पट्टा फोनने टॉवरशी बोलायचा! टॉवर जिथे कान लावून बसलाय, नेमका तिथे कचरा. शिवाय आत येणारा सिग्नल १ डीबी वाढला की हा कचरा ३ डीबी वाढतो. घ्या जास्त डीबी.

शेजाऱ्यांचं तर विचारूच नका. मामांचा एक अँटेना गच्चीवरच्या टाकीला, दुसरा बरोबर खालच्या खोलीत, मध्ये एक स्लॅब. खालच्याने सोडलेलं वरचा पकडतो आणि बूस्टर पुन्हा वाढवतो. माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी शिट्टी बसते ती हीच, फक्त ती टॉवरच्या कानात वाजते आणि कॉल अख्ख्या वाडीचे तुटतात.

सोनं गंजत नाही, कबूल. गंजका सांधा वीज न जोडताही असाच कचरा करतो. म्हणून तर आयईसी ६२०३७ या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकात कनेक्टर आणि केबल २०-२० वॉटच्या दोन सिग्नलांखाली तपासतात. पण इतक्या वेगवान लाटांचा प्रवाह धातूच्या वरच्या थरातूनच वाहतो; ९०० मेगाहर्ट्झला तो सोन्यात अडीचेक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) शिरतो. स्वस्तातला मुलामा त्याहून पातळ, म्हणून प्रवाह खालच्या धातूत पोचतो, आणि खाली बहुधा निकेल. ते लोहचुंबकीय, म्हणजे लोखंडासारखं चुंबकाला चिकटणारं, आणि त्यातून पुन्हा तोच कचरा.

कायदेशीर? विनापरवाना बूस्टर बेकायदा आहे, हे दूरसंचार विभाग कितीदा बजावून थकला.

टीव्हीच्या अँटेनापाशी चांगला, कमी नॉइजचा अँप्लिफायर लावला तर फायदा होतो, एवढं मात्र खरं. पण तो नुसतं ऐकतो, उलट बोलत नाही.

मामांना वाय-फाय कॉलिंग सुरू करून दिलं आणि बूस्टरचा प्लग काढायला लावला. मामी सांगते, शेजारच्या काकूंचा फोन लागायला लागलाय. मामा अजून माझ्याशी बोलत नाहीत.