शीर्षक बदलायला बंदी नाही

हिंजवडी-बाणेरकडच्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: ‘हॅकर न्यूजवर लेखाचं शीर्षक एका अक्षरानंही बदललं, की लिंक उडवतात.’ हॅकर न्यूज म्हणजे तंत्रज्ञानविषयक लेखांच्या लिंक टाकून त्यांवर चर्चा करायची वेबसाइट. असा नियम तिथे नाही.

नियमावली म्हणते, मूळ शीर्षकच द्या. मात्र ते दिशाभूल करणारं किंवा नुसतं क्लिक मिळवण्यासाठी रचलेलं असेल तर बदला. म्हणजे काही वेळा बदल करणंच अपेक्षित आहे. ‘अमुक करण्याचे १० मार्ग’ असेल तर ‘अमुक कसं करावं’ एवढंच ठेवा, असं उदाहरणही दिलंय. पण आकड्याला खरोखर अर्थ असेल, जसं की ‘प्लेटोचे ५ घनाकार’ (भूमितीतले हे नियमित घनाकार मुळात पाचच आहेत), तर तो राहू द्यायचा. हे मला फार आवडतं. शिवाय शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे लांबलचक शीर्षकाला कात्री लावावीच लागते. जुन्या लेखापुढे कंसात साल लिहायची पद्धतही आहे.

मनाई आहे ती शीर्षकात स्वतःचं मत घुसवायला. ‘अखेर कंपनीचं पितळ उघडं पडलं’ असलं काही जोडायचं नाही. ते खाली प्रतिक्रियेत लिहा.

वाद मात्र खरे आहेत. एखादं शीर्षक दिशाभूल करणारं की नुसतंच चटकदार, हे ठरवायचं कुणी? तिथे मॉडरेटरही शीर्षकं बदलतात, आणि कधीकधी त्यावरच मूळ लेखापेक्षा जास्त चर्चा रंगते. पुणेकरांना यात नवल वाटू नये.