किडनी बदलल्यावर गोळ्या सुटत नाहीत: फिरत असलेल्या एका मेसेजला उत्तर

‘किडनी प्रत्यारोपण झालेल्यांसाठी महत्त्वाचे’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरात भावकीच्या, तालमीच्या, बचत गटांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: वर्षभरात शरीर नवी किडनी आपली म्हणून स्वीकारतं, मग इंग्रजी गोळ्या हळूहळू बंद कराव्यात. गुळवेलीचा काढा घेऊन प्रतिकारशक्ती वाढवावी. ताकद भरून यायला धारोष्ण दूध आणि कच्ची अंडी घ्यावीत. मटण-रस्सा, कामधंदा, लग्न, मूलबाळ हे मात्र कायमचं बंद. लस अजिबात घेऊ नये. आणि किडनी देणारा माणूसही जन्माचा अधू होतो.

माझ्या मिस्टरांना सासूबाईंनी किडनी दिली, त्याला आता बरीच वर्षं झाली. घरातली औषधं, तपासण्या, पिण्याचं पाणी, स्वयंपाक सगळं मीच बघते. मेसेज वाचून राग आला तो एवढ्यासाठी की जिथं घाबरायला हवं तिथं तो माणसाला निर्धास्त करतो, आणि जिथं निर्धास्त जगता येतं तिथं घाबरवतो. नुकतंच ऑपरेशन झालेल्या घरात तर असा मेसेज खरा वाटायला वेळ लागत नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिते. शरीर दुसऱ्याची किडनी आपली म्हणून स्वीकारतं, हे खरं नाही. किडनीच्या पेशींवर देणाऱ्याची ओळख असते आणि ती दहा वर्षांनीही पुसली जात नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ती परकीच वाटते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन या गोळ्या त्या पेशींना आवरून धरतात, म्हणून किडनी चालते. जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण डॉ. जोसेफ मरे यांनी डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टनला केलं. तेव्हा यातली एकही गोळी अशा कामासाठी वापरात नव्हती. तरी ती किडनी टिकली, कारण देणारा आणि घेणारा हुबेहूब जुळे भाऊ होते. बाकीच्या माणसांसाठी ही वाट मोकळी व्हायला १९६० च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन आणि १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन यावं लागलं. आईनं पोटच्या मुलाला दिलेली किडनीसुद्धा निम्म्या गुणांनीच खात्रीनं जुळते. उरलेल्या निम्म्यासाठी गोळी लागतेच.

हा गैरसमज कुठून आला असेल ते मात्र मला कळतं. सुरुवातीच्या महिन्यांत डोस मोठे असतात. पुढं रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर ते उतरवत आणतात. डब्यातल्या गोळ्या कमी होताना दिसल्या की घरच्यांना वाटतं, हे असंच शून्यावर येणार. ते शून्यावर येत नाही. एका डोसवर येऊन थांबतं आणि किडनी चालू आहे तोवर गोळ्या चालू राहतात.

दुसरी फसवणूक अशी की गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. उलट बरंच वाटतं. हाताची थरथर थांबते, तोंडावरची सूज उतरते, भूक ताळ्यावर येते. आत मात्र किडनीवर हल्ला सुरू झालेला असू शकतो. लघवी कमी होणं, पायाला सूज, ओटीपोटात किडनीच्या जागी दुखणं हे दिसेपर्यंत बराच घात होऊन गेलेला असतो, आणि किडनीत एकदा व्रण धरले की ते मागं फिरत नाहीत. पावसाळ्यात आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत कोण थांबतं? क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) आणि टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल तशीच आकड्यावर बघायची. अंगाला बरं वाटतंय यावर विसंबायचं नाही.

लेव्हलच्या तपासणीत एक चूक फार जण करतात. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं, आदल्या रात्रीच्या गोळीला साधारण बारा तास झाल्यावर. सवयीनं गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं की आकडा फुगलेला येतो, आणि त्या आकड्यावर डोस कमी झाला तर नुकसान आपलंच. म्हणून तपासणीच्या दिवशी गोळी खिशात घेऊन जायची आणि रक्त दिल्यावर तिथंच घ्यायची. रोजच्या वेळाही ठरलेल्या हव्यात. आमच्याकडं सकाळी नऊ आणि रात्री नऊ. लग्नाला गेलो, महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलो तरी नऊ म्हणजे नऊ. गोळ्या हातातल्या पिशवीत असतात, सीटखालच्या बॅगेत कधी नाही.

कोल्हापूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याची वाट कित्येक दिवस बंद राहिली. २०२१ च्या जुलैतही रस्ता बुडाला. या गोळ्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाहीत. जूनअखेर घरात किमान महिन्याचा साठा जादा असलाच पाहिजे, आणि तो वरच्या फळीवर. पुराच्या पाण्यात तर प्रत्यारोपण झालेल्या माणसानं पायच घालू नये. लेप्टोच्या तापात धडधाकट माणसाचीही किडनी जाते.

गोळ्या सोडण्यामागं बऱ्याचदा मेसेजपेक्षा पैशाचं कारण असतं, हेही लिहायला हवं. ऑपरेशनला सरकारी योजनेतून मदत मिळू शकते, लोक वर्गणी काढतात. दर महिन्याचा गोळ्यांचा खर्च मात्र त्या घरावरच पडतो, आणि चार-पाच वर्षांत घर थकतं. मग माणूस कुणाला न सांगता दोनाची एक करतो. असं करण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट सांगा की परवडत नाही. ते कमी किमतीच्या कंपनीची गोळी लिहून देऊ शकतात आणि बदलानंतर लेव्हल बघून डोस बसवतात. मेडिकलवाल्यानं परस्पर बदलून दिलेली दुसऱ्या कंपनीची गोळी मात्र घेऊ नका. नाव तेच असलं तरी रक्तातली पातळी हलू शकते.

आता गुळवेल. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते, कारण तीच किडनीवर चाल करून जाते. तिला वाढवायचा काढा देणं म्हणजे सकाळच्या गोळीचं काम दुपारी मोडणं. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली जात होती, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्या माणसांचं प्रत्यारोपण झालेलंही नव्हतं. अश्वगंधा, च्यवनप्राश, हळदीच्या कॅप्सूल यांनाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. भाजीतली हळद चालते. वनस्पतीचं आहे म्हणजे निरुपद्रवी आहे हे मला मान्य नाही. साधं पपनस घ्या. गौरी-गणपतीच्या फळांत ते येतं, आणि त्यातल्या द्रव्यांनी मुख्यतः आतड्यात टॅक्रोलिमस मोडण्याचं काम मंदावतं, मग रक्तातली पातळी धोक्याइतकी चढू शकते. ग्रेपफ्रूटचंही तेच. आमच्या घरी पपनस देवापुढं ठेवतात आणि शेजारी देतात. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन तर थेट किडनीला मारते.

धारोष्ण दुधाविषयी लिहिताना मला जपून लिहावं लागतंय, कारण हा आपल्या गावाच्या अभिमानाचा विषय आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून दिलेलं फेसाळ दूध पिऊन इथं पैलवानांच्या पिढ्या घडल्या. पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया हे जंतू आणि जनावरांचा क्षय माणसात येऊ शकतो. पैलवानाचं शरीर त्याच्याशी झुंजेल, गोळ्यांवरचं शरीर झुंजू शकत नाही. तीच म्हैस, तेच दूध, पण उकळून घ्या. पिशवीचं दूधही आम्ही उकळतो. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो, म्हणून अंडं पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडायचं.

इथून पुढं मेसेजमधल्या भीतीकडं येते. मटण कायमचं बंद, हे कुणी ठरवलं? तांबडा रस्सा रटरट उकळलेला असतो, त्यात जंतू राहत नाहीत. पांढरा ताजा केलेला आणि गरम असला की झालं. सांभाळायचं ते मीठ, तेल आणि वाटीचं माप. आमच्याकडं रविवारी मटण होतं, मीठ थोडं कमी, बाकी कोल्हापुरी. बाहेर धोका असतो तो शिजवलेल्या पदार्थाच्या बाजूला: चिरून तासभर ठेवलेला कांदा, हॉटेलचं पाणी, बर्फ घातलेला उसाचा रस, कच्ची मोड आलेली मटकी. मिसळीचा कट उकळता असेल आणि मटकी शिजलेली असेल तर कांदा बाजूला सारून मिसळ खाता येते. पहिले काही महिने मात्र घरचंच, तेव्हा गोळ्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो. गुळाबद्दल एक सांगते. टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडमुळं नव्यानं मधुमेह होऊ शकतो. साखरेऐवजी गूळ हा त्यावरचा उपाय नाही. रक्तात गेल्यावर कोल्हापूरचा गूळही साखरच.

कामधंदा बंद, हे सगळ्यात जास्त दुखावणारं वाक्य आहे. सगळं सुरळीत असेल तर बैठं काम दोन-तीन महिन्यांत सुरू करता येतं. जड उचलणं उशिरा, डॉक्टर सांगतील तेव्हा. शेतकऱ्यालाही शेत सुटत नाही. पायात गमबूट, हातात मोजे, खरचटलं तर लगेच धुणं, आणि गोठा झाडणं, शेणखत उपसणं, कुजका पाला उचलणं ही कामं दुसऱ्याकडं, कारण त्यातली बुरशी फुफ्फुसात जाते. नवी किडनी ओटीपोटात कातडीच्या जवळ बसवलेली असते, म्हणून कुस्ती आणि कबड्डी नको. रंकाळ्याला फेऱ्या मारा, सायकल चालवा. १९७८ पासून प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक स्पर्धा होतात, त्यात अशी माणसं धावतात आणि पोहतात. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेची गर्दी आणि गुलाल पहिल्या वर्षी टाळावा. गर्दी नसलेल्या दिवशी मास्क लावून डोंगरावर जायला कसली आडकाठी आहे?

लग्नाचं ऐकून माझ्या ओळखीच्या एका मुलीचं ठरलेलं स्थळ मोडलं, म्हणून हे ठासून लिहिते. किडनी बदललेल्या बाईला मूल होऊ शकतं. प्रत्यारोपणानंतर किमान वर्ष जाऊ द्यायचं, क्रिएटिनिन आणि रक्तदाब स्थिर हवा, आणि मायकोफेनोलेट दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांनी बदललेलं हवं, कारण त्यानं गर्भात व्यंग येतं. अशा बाळंतपणात रक्तदाब वाढण्याची आणि बाळ लवकर होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून किडनीचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांची देखरेख लागते. एक गोष्ट कुणी सांगत नाही. डायलिसिसवर थांबलेली पाळी ऑपरेशननंतर काही महिन्यांत परत येऊ शकते, त्यामुळं ते पहिलं वर्ष गर्भनिरोधन गरजेचं आहे.

लसीचं थोडक्यात. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे गोवर-रुबेला, कांजिण्या, घ्यायच्या नाहीत. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी, न्यूमोनियाची आणि हिपॅटायटिस बी ची लस डॉक्टर सांगतील तेव्हा घ्यायच्याच. घरातल्या बाकीच्यांनीही फ्लूची घ्यावी.

राहिला देणारा अधू होण्याचा मुद्दा. कायद्याप्रमाणं देणाऱ्याची कसून तपासणी होते आणि दोन्ही किडन्या चांगल्या असतील तरच एक घेतात. उरलेली किडनी थोडी मोठी होऊन जादा काम अंगावर घेते. धोका अगदीच नसतो असं नाही. रक्तदाब वाढू शकतो, म्हणून दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासायचं, वेदनाशामक गोळ्या टाळायच्या. सासूबाई आजही पहाटे उठून अंबाबाईला चालत जातात. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत, आया आणि बायकोच. ऑपरेशननंतर सगळं घर घेणाऱ्याच्या रिपोर्टकडं बघतं आणि देणारीची तपासणी राहून जाते. तिला अधू म्हणू नका, पण तिची वार्षिक तपासणीही चुकवू नका.

हा मेसेज वाचून कुणी गोळ्या कमी केल्या असतील किंवा काढा सुरू केला असेल, तर त्यांनी आजच काढा थांबवावा आणि प्रत्यारोपण झालेल्या दवाखान्यात फोन करून किती दिवस कुठली गोळी चुकली ते लपवून न ठेवता सांगावं. राहिलेल्या गोळ्या एकदम दुप्पट घेऊ नयेत. क्रिएटिनिन आणि लेव्हल कधी द्यायची ते फोनवरच विचारून घ्यावं. शंभराच्या वर ताप असेल, लघवी कमी झाली असेल किंवा दोन दिवसांत वजन चढलं असेल, तर फोनवर न थांबता रात्रीच निघावं आणि गोळ्यांचा डबा सोबत न्यावा.