‘पाचशेच्या आत आहे ना, मग बसवा!’ : हाय-लिफ्ट कॅमबद्दलचा एक महागडा सल्ला

शेवरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-8 इंजिनात जास्त लिफ्टचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त खोल उघडणारा शाफ्ट, टाकायची गोष्ट निघाली की हा सल्ला ठरलेला असतो: “लिफ्ट 0.500 इंचाच्या आत असेल तर मोजायचं काही नाही. बसवा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, अडकलं नाही म्हणजे झालं. फारच शंका असेल तर पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावून बघा.” ऐकायला सोपा, म्हणून भराभर पसरतो.

तो कुठे फसतो ते बघायला 1996 पासून शेवरोलेच्या पिकअप आणि व्हॅनमध्ये आलेलं 5.7 लिटरचं व्होर्टेक इंजिन, म्हणजे एल 31, सोयीचं आहे. मापं थाऊमध्ये दिली आहेत. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ, आपल्याकडच्या टर्नर-फिटरांचा नेहमीचा शब्द.

“पाचशे थाऊच्या आत चालतं”

हा आकडा पिस्टनपुरता आहे. कारखान्याच्या पिस्टनला व्हॉल्व्हसाठी खाचा असतात आणि कॅमची ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते) बेताची असली तर पाचशेच्या आत बहुतेकदा पिस्टन वाचतो, इतपत त्यात तथ्य आहे. पण व्हॉल्व्ह खाली जाताना पिस्टन ही एकच अडचण नसते. व्होर्टेकच्या मूळ हेडमध्ये त्याच्या कितीतरी आधी रिटेनरचा (स्प्रिंगवरच्या टोपीचा) तळ गाइडवरच्या, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीवरच्या, सीलला टेकतो. तिथली हद्द 460-470 थाऊच्या आसपास संपते. म्हणजे 490 चा ‘सुरक्षित’ कॅम आधी सील फाडणार. मग गाइडमधून ऑइल उतरतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. हे स्वस्तातलं नुकसान. रिटेनर आदळत राहिला की त्याला दांड्यावर धरणारे लॉक सैल होतात आणि व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो; मग इंजिनच गेलं.

मोजायची रीत अवघड नाही. मूळ स्प्रिंग काढून हलकी चेकिंग स्प्रिंग घाला. सील जागेवर, रिटेनर आणि दोन्ही लॉक बसलेले. रिटेनरच्या तळापासून सीलच्या माथ्यापर्यंत माप घ्या आणि त्यातून लिफ्ट वजा करा. किमान 50 थाऊ उरले पाहिजेत. कमी पडले तर गाइडचा माथा मशीनवर खाली घेऊन बुटका सील बसवतात. सोळाही व्हॉल्व्ह मोजायचे. एक मोजून पंधरा गृहीत धरायचे नाहीत.

आता ‘लिफ्ट’ म्हणजे नक्की कोणती? जनरल मोटर्सच्या एलटी 4 हॉट कॅमचा लोब (कॅमवरचा उंचवटा) 328 थाऊ उचलतो. ती उचल रॉकर नावाचा तरफेसारखा भाग वाढवून व्हॉल्व्हला देतो: 1.5 पट रेशोच्या रॉकरवर व्हॉल्व्ह 492 उघडतो, 1.6 च्या रॉकरवर 525. कॅम तोच, पण रॉकर बदलताच ‘पाचशेच्या आत’ मधून बाहेर. शिवाय रॉकरवर छापलेला रेशो आणि प्रत्यक्षातला रेशो जुळेलच असं नाही. डायल गेजचा पाय रिटेनरवर, व्हॉल्व्हच्या दांड्याच्या रेषेत टेकवून खरी लिफ्ट घ्या.

स्प्रिंगचं गणितही याच आकड्यावर चालतं. समजा व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगची बसवलेली उंची 1.700 इंच आहे आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात ती उंची 1.150. लिफ्ट 492 धरली तर उघड्या स्थितीत 1.208 उरतात, म्हणजे वेढे टेकायला 58 थाऊ. किमान 60 पाहिजेत, तेव्हा काठावरच नापास. 525 ला उरतात फक्त 25. वेढे टेकल्यावरही लोब रॉकरला ढकलतच राहतो आणि मग जे सगळ्यात कच्चं ते आधी जातं. व्होर्टेक हेडमध्ये रॉकरचे स्टड ठोकून बसवलेले असतात, आटे नसतात. ते वर ओढले जातात, नाहीतर रॉकरला ढकलणारा पुशरॉड वाकतो. एक फसवी गोष्ट अशी की सीटवरचा (व्हॉल्व्ह बंद असतानाचा) दाब वाढवायला स्प्रिंगखाली 30 थाऊची शिम (पातळ चकती) घातली की हीच मोकळीक 30 ने कमी होते. म्हणून उंची कॅटलॉगमधून न घेता प्रत्येक व्हॉल्व्हची प्रत्यक्ष घ्या. सीट ग्राइंड झालेलं हेड असेल तर सोळा ठिकाणी सोळा उंच्या निघू शकतात.

“पूर्ण उघडल्यावर पिस्टनला लागत नाही, म्हणजे झालं”

व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा पिस्टन जवळपासही नसतो. या इंजिनाचा स्ट्रोक 3.48 इंच आणि कनेक्टिंग रॉड 5.7 इंच. इनटेकची (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची) कमाल लिफ्ट टीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेनंतर, क्रँकच्या 108 अंशांवर धरली, तर तेव्हा पिस्टन अडीच इंच खाली असतो. उलट टीडीसीनंतर 10 अंशांवर तो जेमतेम 34 थाऊ उतरलेला असतो आणि इनटेक व्हॉल्व्ह त्याच्या मागे उघडत येत असतो. खरी गाठ इथे पडते. एक्झॉस्टची (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) गाठ टीडीसीच्या साधारण 10 अंश आधी, पिस्टन वर येऊन बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचा पाठलाग करतो तेव्हा.

म्हणून कमाल लिफ्टपेक्षा ओव्हरलॅपमध्ये (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात तेव्हा) व्हॉल्व्ह किती उघडा आहे हे महत्त्वाचं. लांब ड्युरेशनचा 450 चा कॅम आखूड ड्युरेशनच्या 500 पेक्षा पिस्टनच्या जास्त जवळ जाऊ शकतो. कॅम ॲडव्हान्स (थोडा पुढे) केला की इनटेकची जागा घटते, रिटार्ड (मागे) केला की एक्झॉस्टची. टायमिंग चेन झिजून सैल झाली की कॅम आपोआप रिटार्ड होतो, तेव्हा एक्झॉस्टची मोकळीक नव्या चेनवर मोजून निर्धास्त होऊ नका. हेड घासलं किंवा पातळ गॅस्केट घातलं की दोन्हीकडची कमी होते.

इनटेकला किमान 80 थाऊ, एक्झॉस्टला 100. एक्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि जास्त आरपीएमला स्प्रिंगने त्याला वेळेवर ओढलं नाही तर पिस्टन मागून येऊन गाठतो.

“हाताने फिरवलं, अडकलं नाही”

पाच थाऊचं अंतर असलं तरी हाताला काहीच अडकत नाही. धावत्या इंजिनात रॉड ताणतो, व्हॉल्व्ह उड्या मारतो आणि ते पाच थाऊ केव्हाच संपतात. त्यातून लिफ्टर (कॅम आणि पुशरॉडमधला भाग) हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, असला तर ही चाचणी खोटंच बोलते. ऑइलचा दाब नसताना पूर्ण ताकदीच्या स्प्रिंगखाली लिफ्टरचा प्लंजर आत दबतो, शंभर थाऊहून जास्तही दबू शकतो. व्हॉल्व्ह तेवढा कमी उघडतो आणि सगळं मोकळं दिसतं. मोजताना सॉलिड (न दबणारा) लिफ्टर वापरा, किंवा हायड्रॉलिक ठेवून चेकिंग स्प्रिंग लावा. हलक्या स्प्रिंगखाली प्लंजर दबत नाही.

“शंका असेल तर क्ले लावा”

क्ले वाईट नाही, पण ती कामाची असते वरची लिफ्टरची चूक केली नाही तरच. हेडचं गॅस्केट आधी वापरून दबलेलं हवं. नव्या, न दबलेल्या गॅस्केटवर माप मोठं येतं. क्लेचा थर पाव इंचाचा, व्हॉल्व्हच्या तोंडाला ऑइलचं बोट, हेड पूर्ण टॉर्कवर, क्रँकचे दोन पूर्ण फेरे. मग ब्लेडने कापून सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरने मोजा. क्लेचा खरा उपयोग बाजूचं अंतर बघायला: खाचेची भिंत व्हॉल्व्हच्या कडेपासून किमान 50 थाऊ लांब हवी. डायल गेजला हे दिसत नाही.

खोलीसाठी मात्र डायल गेजच. क्रँकला डिग्री व्हील (अंशांची चकती) लावून एक्झॉस्टला टीडीसीच्या 20 अंश आधीपासून टीडीसीपर्यंत आणि इनटेकला टीडीसीपासून 20 अंश पुढे, दर दोन अंशांनी थांबा. प्रत्येक थांब्यावर रॉकर बोटाने दाबून व्हॉल्व्ह पिस्टनला टेकवा आणि काटा किती हलला ते लिहा. सगळ्यात लहान आकडा तुमचा.

रॉकरकडे शेवटी एक नजर. पत्र्याच्या रॉकरची खाच पूर्ण लिफ्टला स्टडवर टेकता कामा नये. सरळ केलेल्या कागदी क्लिपची तार दोन्ही टोकांना सहज जायला हवी. व्होर्टेकचे मूळ रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर स्वतःच सरळ राहतात. आटेवाले स्टड आणि गाइडप्लेट (पुशरॉड सरळ ठेवणाऱ्या प्लेट) बसवल्या की हे रॉकर ठेवायचे नाहीत, साधे घ्यायचे. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की प्लेट पुशरॉडला एकीकडे ओढते आणि रॉकर दुसरीकडे.