काढलं तरी जात नाही मेलं!
प्रिंटर कधीच भंगारात गेला, सॉफ्टवेअरही काढलं, तरी विंडोजच्या प्रोग्राम्सच्या यादीत त्याचं नाव ठाण मांडून बसलंय आणि काढायला गेलं की म्हणतं फाइल सापडत नाही! अरे मग यादीत कशाला कडमडतोस?? दरवेळी हेच. परत रेजएडिट (विंडोज आपल्या सगळ्या नोंदी जिथे ठेवतं ती रजिस्ट्री उघडणारा प्रोग्राम) उघडा, आधी एक्स्पोर्ट करून बॅकअप घ्या (तिथे अनडू नाही, हात चुकला की संपलं), मग सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन करत करत त्या अनइन्स्टॉल नावाच्या कप्प्यापर्यंत पोचा आणि महिरपी कंसातले ते अगम्य आकडे एकेक उघडून डिस्प्लेनेम, म्हणजे प्रोग्रामचं यादीत दिसणारं नाव, बघत बसा. ६४ बिट विंडोजवर जुन्या धाटणीचं ३२ बिटवालं सॉफ्टवेअर असेल तर वाऊ६४३२नोड नावाच्या कप्प्यात वेगळंच बिऱ्हाड. वर कुणीतरी सांगणार, फुकटचा रजिस्ट्री क्लीनर (रजिस्ट्री साफ करतो म्हणणारा प्रोग्राम) टाक ना. तो मेला शेकडो एरर दाखवून पैसे मागतो, मशीन ढिम्म आहे तसंच, आणि त्याला काढलं की त्याचाही कचरा त्याच रजिस्ट्रीत!