गाडीची कंबर

आमची अँबेसेडर रिकामी उभी असली तरी मागे डावीकडे कुणीतरी बसलंय असं वाटायचं. गेली वीस वर्षं तिथे जिभाऊ बसत आलेत, हेही खरं. जिभाऊ म्हणजे माझे मोठे काका. कळण्याच्या भाकरीवर आणि भरितावर पोसलेला भरभक्कम देह. त्यांना सांगणार कोण? म्हणून आम्ही रस्त्यांना बोल लावत आलो.

यंदा मे महिन्यात जिभाऊंनीच विषय काढला. "पारोळ्याचं लग्न आलंय. असल्या लंगड्या गाडीतून उतरायचं का आम्ही?"

मी म्हटलं, मागच्या स्प्रिंगचे पाटे मीच उतरवतो. अमळनेरच्या उन्हात, दुपारी. लोखंड इतकं तापलेलं की पाना पाण्याच्या बादलीत बुडवून बुडवून वापरावा लागत होता. यू बोल्टच्या नटांना दोन दिवस डिझेल पाजलं, तेव्हा कुठे ते हलले. खरा तमाशा पुढे झाला.

कमानपाट्याचं असं असतं: सगळ्यांत लांब मेन पाटा, त्याच्याखाली एकाहून एक आखूड पाटे, आणि मधोमध एका सेंटर बोल्टने सगळे आवळलेले. मॉरिस ऑक्सफर्ड या विलायती गाडीकडून अँबेसेडरला ही घोडागाडीच्या गोत्रातली मांडणी वारशात मिळाली. एकत्र कुटुंबासारखंच हे प्रकरण. प्रत्येकाची कमान वेगळी, बोल्टने दाबून धरलंय म्हणून एक दिसतात. शहाणा माणूस आधी शिकंजा लावतो, मग बोल्ट सोडतो. मी बोल्ट सोडला. धाडकन आवाज झाला, वरचा पाटा एकीकडे, खालचे दुसरीकडे, आणि शेजारची शेळी सरळ आमच्या ओट्यावर. पाट्यांच्या मधून गंजाचे पापुद्रे पडले, पापडाच्या चुऱ्यासारखे. पाट्यांनी एकमेकांवर सरकायचं असतं. आमचे गंजून एकमेकांना चिकटले होते.

खडूने नंबर घालून सगळे धुळ्याला नेले. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकचे पाटे बांधणाऱ्यांना मरण नाही. मिस्तरींनी पाटा डोळ्याजवळ धरून एक डोळा मिटला.

"भाऊ, गाडीनी कंबर बसी गयी. काय भरतस हिनामा?"

"माणसं."

"कितला?"

"एकच," मी म्हणालो.

त्यांनी पाटे लाल केले, कमान दिली, तेलात बुडवले. याला 'पाणी पाजणं' म्हणतात आणि पाजतात तेल. त्यानंतर पुन्हा बेताचा शेक. नुसतं लाल करून गार होऊ दिलं तर पोलाद मऊ पडतं आणि कमान महिनाभरात सपाट. हे सगळं मला पटलं. शेवटी ते मायेने म्हणाले, "एक पाटा जास्तीना टाकी दिधा, त्याना पैसा नही." तिथेच मी हात जोडायला हवे होते. पण फुकटाला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

घरी बसवताना पाट्याच्या टोकांच्या रबरी बुशचे बोल्ट मी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, असतानाच आवळले. ते चाकं टेकून वजन आल्यावर आवळायचे असतात, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं. पुन्हा खाली घुसलो. त्या दिवशी मी जेवलोसुद्धा गाडीखालीच.

गाडी खाली उतरवली तर ढुंगण वर, नाक खाली, हाळावर पाणी प्यायला वाकलेला बैल जसा. रात्री दिव्यांचा उजेड बंपरपुढे चार हातांवर. जिभाऊ बसले की मागची बाजू खाली यायची, पण डावीच. उजवी तशीच ताठ. जिभाऊंच्या तोलाचं माणूस घरात नव्हतं. काकू म्हणजे जेमतेम एक घागर. शेवटी उजवीकडे दादर ज्वारीचा कट्टा ठेवला, पन्नास किलोचं पोतं, आणि शिवाय माझा भाचा. गाडी ओळंब्यात आली.

पारोळ्याला मांडवाशी थाटात उतरलो. यजमान धावत आले, जिभाऊंना हात दिला, आणि "याची काय गरज होती!" म्हणत दोघांकडून कट्टा उचलवून आत नेला. भाचा नवरदेवाच्या मित्रांबरोबर मुक्कामी राहिला.

परतीला अंधार होता. गाडी डावीकडे कलंडत चाललेली. अर्ध्या वाटेवर मागून जिभाऊंचा आवाज आला, "पाटा परत बसी गया वाटस रे."