गोठलेली वाट आणि सुटलेली वाट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डोंगर-जंगलातल्या कच्च्या वाटांवर, म्हणजे ट्रेलवर, थंडी पडायला लागल्यावरही सायकल चालवत राहा, असं मी ‘दव गोठायला लागलं म्हणून सायकल टांगू नका’ या लेखात म्हटलं होतं. त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुम्ही ट्रेलच्या देखभालीला स्वतः जाता, कुदळ-फावडं घेऊन उन्हाळाभर राबता, हे त्यातून कळलं. अशा माणसाला दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं मला बरं वाटेना. म्हणून हे सविस्तर उत्तर.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. हंगाम सरताना जमीन ओली असते. तेव्हा लोकांना सायकली घेऊन बाहेर काढणं म्हणजे इतरांच्या श्रमदानावर पाणी ओतणं. त्यापेक्षा पानगळ झाली की ट्रेल सरळ बंद करावेत आणि बर्फ पडल्यावरच उघडावेत. शिवाय गारठ्यात एकट्यानं जाण्यातले धोके मी ‘उबदार कपडे घाला’ एवढ्यावर उरकले, ते बेजबाबदारपणाचं आहे.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. शेवटचाही. मधला, तारीख ठरवून कुलूप लावण्याचा, मात्र पटत नाही.

आधी माझी चूक. ‘थंडीत पहाटे ट्रेल कडक आणि सुंदर असतो’ असं मी लिहिलं आणि तिथेच थांबले. तो किती वाजेपर्यंत कडक असतो, हे लिहिलंच नाही. ते न सांगणं किती महागात पडतं हे मला ठाऊक होतं, म्हणून चूक जास्तच लागली.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. उजाडायच्या आत निघाले होते. टायरखाली माती करकरत होती. एका वळणावर थांबून खाली वाकून पाहिलं तर वाटेच्या कडेला मातीतून बर्फाच्या सुया उभ्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या उंच, केसासारख्या बारीक, शेजारी शेजारी दाटीवाटीनं, आणि प्रत्येक झुबक्याच्या डोक्यावर मातीचे कण नि बारीक खडे उचललेले. बूट टेकवला की काचेसारखा चुरा व्हायचा. मी फोटो काढले, पुढे गेले. परतायला अकरा वाजले, कारण वाटेत चेन तुटली आणि बधिर बोटांनी ती जोडायला वेळ लागला. त्याच वळणावर आले तेव्हा ऊन थेट वाटेवर होतं. वरची दोन बोटं माती वितळून सुटली होती आणि तिच्याखाली जमीन अजून गोठलेली होती. खाली फरशी आणि वर ओला गिलावा, अशी अवस्था. मागचं चाक घसरलं, मी ब्रेक दाबला, आणि दहा-बारा फूट लांबीचा चर पडला.

चार दिवसांनी तो चर दगडासारखा गोठला होता. बर्फ वितळायच्या दिवसांत सगळं पाणी त्यातूनच धावलं आणि तो वीतभर खोल झाला. वळणाचा बाहेरच्या बाजूला दिलेला उतार पुन्हा घडवायला, माती भरून ठोकून बसवायला, चार जणांचा अर्धा दिवस गेला. त्या चौघांत मी होते. तुमची प्रतिक्रिया वाचताना तो दिवस आठवत होता.

त्या सुयांबद्दल थोडं लांबण लावते, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणून जमीन वर येते, असं आपण समजतो. तेवढं पुरेसं नाही. खरं कारण असं की वरचा थर गोठू लागला की खालच्या न गोठलेल्या मातीतलं पाणी वर ओढलं जातं आणि तिथे थरावर थर चढत गोठतं. म्हणजे थंडीच्या रात्री जमीन स्वतःच खालचं पाणी वर आणून साठवते. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं की ते सगळं पाणी वरच्या दोन बोटांत सुटतं, आणि खाली गोठलेला थर असल्यानं त्याला मुरायला जागा नसते. म्हणूनच महिनाभर पाऊस नसतानाही या दिवसांत वाट चिखलाची होते. बारीक, गाळवट मातीत हे सर्वात जास्त. जाड वाळू आणि खडीच्या वाटेवर फारच कमी.

आता चराचं. बुटाचा ठसा सुटा असतो, त्यात पाणी साठतं आणि तिथेच राहतं. चाकाची खूण सलग असते, म्हणून उतारावर तिची नाली होते. ‘चाकोरी’ हा आपला शब्द आला तो गाडीच्या चाकांनी पडलेल्या खोल रेषेवरूनच. एरवी चाकोरीबाहेर जाणाऱ्याचं आपण कौतुक करतो. ट्रेलवर मात्र चिखल टाळायला प्रत्येक जण चाकोरीच्या बाहेरून गेला की हातभर रुंदीची वाट दोन आठवड्यांत तीन हात होते. चिखल लागलाच तर मधूनच जावं, सायकल उचलून चालत जावं. आणि असे दोन-तीन पट्टे सलग लागले तर सरळ मागे फिरावं.

इथे एक कबुली. पूर्वी अशा वादात मी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला विल्सन आणि सेनी यांचा मोंटानातल्या डोंगरवाटांवरचा अभ्यास पुढे करायचे. त्यात घोडे, पायी चालणारे, मोटरसायकली आणि सायकली यांच्यामुळे किती माती सुटी होते ते तपासलं होतं, आणि खूर व पाय यांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली, असं आढळलं. निष्कर्ष खराच आहे. पण त्यात वाटेवर कृत्रिम पाऊस पाडून मोजमाप केलं होतं. खाली गोठलेली आणि वर सुटलेली जमीन ही वेगळीच गोष्ट, आणि मी वर सांगितलेला चर त्या अभ्यासानं झाकला जात नाही. तेव्हा ‘सायकलमुळे काही होत नाही’ हे वाक्य मी या दिवसांपुरतं वापरणं सोडलं आहे.

मग मी तुमच्या कुलपाशी सहमत का नाही? कारण जमीन तारीख पाळत नाही. एका थंड रात्रीनं हवा गारठते, जमीन गोठत नाही. माती हवेच्या बरीच मागून थंड होते. त्याच ट्रेलवर सावलीची बाजू दिवसभर कडक राहते आणि उन्हाची बाजू दहाला सुटते. कडाक्याच्या आठवड्यात दुपारीही ठणठणीत असते, आणि मधेच ऊब आली की पहाटेही रुतते. ठरावीक तारखेला बंद केलं तर उत्तम कोरडे, गोठलेले पंधरा दिवस वाया जातात आणि, याहून वाईट म्हणजे, तारखेच्या आधीच्या ओल्या दिवसांत लोक निर्धास्त जातात, कारण ट्रेल ‘उघडा’ आहे.

आणि ‘बर्फ पडला की उघडा’ याला तर माझा ठाम विरोध आहे. बर्फ ही गोधडी आहे. जमीन गोठायच्या आधी वीतभर भुसभुशीत बर्फ पडला तर तो मातीची ऊब आत धरून ठेवतो आणि खालची माती पुढे कित्येक दिवस मऊच राहते. वरून सगळं पांढरं, स्वच्छ दिसतं. चाक बर्फ कापून खाली गेलं की काळा चिखल वर येतो. पहिल्या बर्फाचा मोह मला कळतो, त्या शांततेत चाकांचा आवाजसुद्धा दबतो. पण माझ्या अनुभवात वर्षातलं सर्वात जास्त नुकसान त्याच दोन-चार दिवसांत होतं. जमीन आधी चांगली गोठली आणि मग बर्फ दाबून बसला, तर गोष्ट निराळी. तेव्हासुद्धा फॅटबाइकच, म्हणजे खूप रुंद टायरची सायकलच, हवी. ते रुंद टायर १० पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) खाली हवा ठेवून बर्फावर तरंगतात, साधे टायर कापत जातात. दाबलेल्या बर्फावर रूढ खूणगाठ अशी की चाकाची रेघ इंचभराहून खोल पडायला लागली की उतरायचं.

तारखेऐवजी मी काय करते? वाटेच्या तोंडाशी, उन्हाच्या जागी, टाच दाबून पाहते. ठसा उमटला तर सायकल गाडीतून काढतच नाही. उमटला नाही तर आधी उन्हाची बाजू करून घेते आणि सावलीची बाजू परतीला ठेवते. परत फिरायची वेळ घरून ठरवून निघते, आणि चेन तुटली तरी ती वेळ बदलत नाही. उरलेलं अंतर दुसऱ्या रस्त्यानं किंवा चालत. वाटेत टायरला माती चिकटायला लागली, किंवा मागे वळून पाहिल्यावर नक्षीऐवजी खाच दिसली, की वेळ झाली असं समजायचं, मग घड्याळ काहीही म्हणो. हा सगळा भाग मूळ लेखात यायलाच हवा होता. आता घातला आहे, अगदी वर.

आता धोक्यांचं. तुम्ही म्हणता तसं मी ते उरकलं होतं.

सर्वात आधी हात. उतारावर सायकलचा वेग म्हणजे अंगावर येणारा वाराच. वाऱ्यातला गारठा काढायचं २००१ पासून वापरात असलेलं सूत्र लावलं तर हवा ० अंश आणि वारा ताशी २० किलोमीटर असताना उघड्या कातडीला उणे ५ अंशांसारखं लागतं. हवा उणे ५ आणि वारा ताशी ३० असेल तर उणे १३. चढावर घाम येतो, माथ्यावर थांबलं की तोच घाम गार पडतो, आणि लगेच उतारावर आपल्याला दोन बोटांनी ब्रेक नेमका सांभाळायचा असतो. बधिर बोटं ब्रेक एकतर उशिरा दाबतात नाहीतर गच्च दाबतात. म्हणून कोरड्या हातमोज्यांची दुसरी जोडी पिशवीत, आणि ती चढावर नाही, माथ्यावर घालायची. चढताना थोडं कुडकुडतच निघावं. सुरुवातीलाच उबदार वाटलं तर कपडे जास्त झाले आहेत.

मग हवा, म्हणजे टायरमधली. घरात २० अंशांना २५ पीएसआय भरली आणि बाहेर ० अंश असेल तर टायर गार झाल्यावर ती २२-२३ वर येते. म्हणून ‘थंडीत हवा थोडी कमी ठेवा’ हा माझा सल्ला अर्धवट होता: बरीचशी कमी ती आपोआपच झालेली असते, त्यावर आणखी काढली तर रिम दगडावर आपटते. बाहेर थोडा वेळ ठेवून मगच मोजावी. हवेवर चालणारा पुढचा फोर्क आणि मागचा शॉक, म्हणजे धक्के शोषणारे भाग, यांनाही हेच लागू. १५० पीएसआयचा शॉक तेवढ्याच फरकानं सुमारे ११ पीएसआयनं उतरतो, आणि आतलं तेल घट्ट झाल्यानं परत यायलाही मंद होतो. पहिली दहा मिनिटं सायकल ओळखीची वाटत नाही ती त्यामुळेच.

पाचोळ्याला मी बर्फापेक्षा जास्त घाबरते. ओल्या पानांखाली आडवं मूळ असतं, मुळावर गोठलेलं दव असतं, आणि वरून सगळं सपाट दिसतं. तिथे वळू नये, ब्रेक लावू नये, वेग आधीच उतरवून चाक सरळ काढावं. आणि ० अंशांच्या आसपासचा ओलसर बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, म्हणजे ‘आज फार थंडी नाही’ असा दिवसच घसरण्याचा. खिळ्यांचे टायर बर्फावर पकड देतात. गोठलेल्या पानांवर त्यांच्यावर विसंबू नका.

दिव्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून जादाची बॅटरी आणि फोन अंगाशी, आतल्या खिशात. गारठलेली लिथियम बॅटरी ० अंशांखाली असतानाच चार्जिंगला लावू नये, ती कायमची खराब होते. आधी खोलीत ऊबेला येऊ द्यावी. शिकारीचा मोसम ज्या जंगलात याच दिवसांत असतो तिथे भडक नारिंगी अंगावर असावं, त्याबाबतीत हयगय नको.

एकट्यानं जाण्याबद्दल मी मत बदललं आहे. उन्हाळ्यात पाय मुरगळला तर दोन तास बसून राहता येतं. घामानं ओल्या कपड्यांत, ० अंशांना, दोन तास ही फार मोठी मुदत आहे. या दिवसांत मी आता सोबतीशिवाय जात नाही, आणि घरी परतायची वेळ सांगून निघते. लेखातलं ‘एकट्यानं जाण्यातली मजा’ हे वाक्य काढून टाकलं आहे.

शेवटी एक प्रश्न, कारण तुम्ही हे काम माझ्यापेक्षा जास्त केलं आहे. हंगामाच्या टोकाला आम्ही दाताळं घेऊन वाटेवरचा सगळा पाचोळा ओढून काढतो, म्हणजे ओल धरून राहत नाही आणि पाणी काढून द्यायच्या खाचा तुंबत नाहीत. पण पाचोळासुद्धा गोधडीच. तो काढला की उघडी माती लवकर गोठते, हे चांगलं. पण रोज गोठते आणि रोज सुटते, हे वाईट. गाळवट मातीच्या पट्ट्यात मी यंदा फक्त खाचांची तोंडं मोकळी करून बाकी पाचोळा तसाच ठेवायचं म्हणतेय. तुम्ही काय करता, आणि बर्फ गेल्यावर वाट कशी निघते?