ट्रॅक बंद पडला तेव्हा

आमची लेक दुसरीत असतानाचं स्नेहसंमेलन. चाळीस मुलं, कोळीगीत, भाड्याने आणलेले पोशाख, दोन महिन्यांची तालीम. नाच ऐन रंगात आला आणि पेनड्राइव्ह अडकला. आवाज गेला. चाळीसच्या चाळीस मुलं हात हवेत धरून जागच्या जागी थांबली. कुणी पुढची ओळ म्हटली नाही, कुणी टाळी धरली नाही. सगळ्यांच्या माना वळल्या त्या विंगेतल्या साऊंडवाल्याकडे. एकमेकांकडे एकानेही बघितलं नाही.

शाळेने मुलांसाठी कमी कष्ट घेतले असं मी म्हणणार नाही. बाई बिचाऱ्या दोन महिने राबल्या होत्या. पण ते गाणं मुलांचं नव्हतं, स्पीकरचं होतं, हे त्या अर्ध्या मिनिटात लख्ख दिसलं.

मला तेव्हा माझे बाबा आठवले. ते वीसेक वर्षं बदलापूरहून मुंबईला नोकरीसाठी येत-जात होते, आणि त्यांचा लोकलचा डबा भजनाचा होता. दोन टाळ, एक ढोलकी, आणि उरलेल्यांसाठी डब्याचा पत्रा. नवीन माणूस डब्यात आला की आधी नुसत्या टाळ्या वाजवायचा, मग कधीतरी त्याच्या हातात झांजा यायच्या. कुणी परीक्षा घेतली नाही. ठाणं आलं, घाटकोपर आलं, मधलेच चारजण उतरून गेले, तरी भजन थांबायचं नाही. ढोलकीवाला उतरला तर दुसरा कुणीतरी पत्र्यावर ठेका उचलायचा.

हे मुलांना मिळायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं. क्लास नको, कार्यक्रम नको. गोल करून बसणं आणि मिळून वाजवणं. आठवड्यातून एक तास. आणि त्या गोलात सगळी मुलं.

सगळी म्हणजे सगळी. मी स्वतः सहावीत असताना समूहगीताच्या तालमीत मला सांगण्यात आलं होतं, ‘तू नुसते ओठ हलव.’ त्यानंतर चाळिशी येईपर्यंत मी कुणासमोर तोंड उघडून गायले नाही. देवाची आरतीसुद्धा पुटपुटल्यासारखी. म्हणून तीन वर्षांपूर्वी विक्रोळीतल्या आमच्या कन्नमवार नगरात शनिवारचा गोल सुरू केला तेव्हा पहिला आणि बहुतेक एकमेव नियम हा केला, की कुणाला गाळायचं नाही आणि चुकलं म्हणून कुणाला थांबवायचं नाही.

मी संगीतशिक्षिका नाही, बँकेत नोकरी करते. मंडळाची एक खोली आहे, तिथे गणपतीचं मखर आणि खुर्च्या भिंतीला सरकवल्या की अठरा-वीस मुलं बसतील एवढी जागा होते. मुलं पाच ते बारा वर्षांची. वाद्यं म्हणजे रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या, उपड्या घातलेल्या. पाण्याच्या बाटल्यांत तांदूळ, राजमा, साबुदाणा. करवंट्या. सासूबाईंच्या भजनी मंडळाचे दोन जोड टाळ, आणि कुणाच्या तरी माळ्यावरून निघालेल्या दोन लेझमी. तांदूळ सरसरतो, राजमा खडखडतो, आणि बाटली गळ्यापर्यंत भरली की काहीच वाजत नाही, दाण्याला हलायला जागा लागते. हे मुलांनीच शोधून काढलं. एक अख्खा शनिवार बाटल्या भरण्या-ओतण्यात गेला आणि मी तो जाऊ दिला.

सुरुवात साधी असते. मी पायाने ठेका धरते, सगळे त्यात येतात. मग एकाने मनाला येईल ते चार मात्रा वाजवायचं, बाकीच्यांनी ते जसंच्या तसं परत द्यायचं. सवाल-जवाबच म्हणा. पुढे केरवा हा ताल. धा गे ना ती, न क धी न. आठ मात्रा, पाचवीवर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता सोडायची मात्रा. खालीला बादलीवर हात पडता कामा नये, तळवा वर करून हवेत टाकायचा. पाच वर्षांच्या मुलाला वाजव म्हणणं सोपं आहे, वाजवू नकोस म्हणणं फार अवघड. पहिले काही आठवडे खालीवर दोघं-तिघं हमखास बादली बडवायचे. आता त्या एका मात्रेला खोली गप्प होते, आणि वीस मुलं श्वास धरून एकमेकांकडे बघतात. सगळ्या तासात मला सर्वांत जास्त आवडते ती ही न वाजलेली मात्रा.

लय पळते. दर शनिवारी पळते. ‘हळू, हळू’ ओरडून ती थांबत नाही. मग मी सगळ्यांना उठवते आणि वारकऱ्यांसारखी पावली टाकायला लावते. पाय जमिनीला लागले की लय ठिकाणावर येते. मोठी मुलं छोट्यांच्या पावलाचा अंदाज घेऊन आपलं पाऊल आखडतं घेतात, कारण नाही घेतलं तर गोल तुटतो आणि तो तुटलेला सगळ्यांना दिसतो. ‘छोट्यांना सांभाळून घ्या’ हे वाक्य मला कधी म्हणावं लागलेलं नाही.

आमच्यात चौथीतला एक मुलगा आहे, बोलताना अडखळतो. पहिलंच अक्षर घशात अडकून बसतं आणि त्याचा चेहरा लाल होतो. गोलात नावाची फेरी असते. प्रत्येकाने ठेक्यात आपलं नाव सांगायचं, सगळ्यांनी ते परत म्हणायचं. पहिले पाच-सहा शनिवार पाळी जवळ आली की हा उठून पाणी प्यायला जायचा. मी काही बोलले नाही. एका शनिवारी तो उठला नाही. नाव सांगितलं नाही, बादलीवर वाजवलं. तीन ठोके, दोन जवळजवळ, एक लांब. गोलाने ते तीन ठोके परत दिले. त्याने जरा जोरात वाजवले. परत दिले. तिसऱ्या वेळी त्याच्या शेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीने त्या ठोक्यांवर त्याचं नाव बसवलं आणि मोठ्याने म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं, आणि त्यात त्याचा आवाज होता. स्वच्छ, न अडखळता.

सगळ्यांबरोबर म्हणताना अडखळणं कमी होतं, ही गोष्ट स्पीच थेरपी करणाऱ्यांना फार आधीपासून माहीत आहे. एकट्याने बोलायला लागलं की ते परत येतं. त्यामुळे तो बरा झाला असं मी म्हणणार नाही, तो अजून अडखळतो आणि त्याची आई त्याला थेरपीला नेते आहे. पण आता पाळी आली की तो पाणी प्यायला जात नाही.

मुलं यंत्रापेक्षा माणसाशी लवकर जुळतात, हे तपासूनही पाहिलेलं आहे. जर्मनीत लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत किर्शनर आणि टोमासेलो या दोन संशोधकांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. समोर माणूस बसून वाजवत असला की मुलांनी लय जास्त नीट धरली. आपोआप वाजणाऱ्या यंत्राबरोबर किंवा नुसत्या स्पीकरच्या आवाजाबरोबर तेवढं जमलं नाही. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. ते वाचताना मला स्नेहसंमेलनातली ती चाळीस मुलं दिसत होती. पुढच्याच वर्षी याच दोघांनी दाखवलं, की मिळून गात-वाजवत खेळलेली चार वर्षांची मुलं, तोच खेळ संगीताशिवाय खेळलेल्या मुलांपेक्षा नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. २०१४ मध्ये कॅनडातल्या एका प्रयोगात तर बाळं होती १४ महिन्यांची. जी बाई त्यांच्याच लयीत वर-खाली झाली होती, तिच्या हातून वस्तू पडल्यावर ती उचलून द्यायला ही बाळं जास्त पुढे झाली. आपल्या आज्या नातवंडाला मांडीवर घेऊन आपडी-थापडी खेळत आल्या, झिम्मा-फुगडी अंगणात होती, भोंडल्याला पोरीबाळी हात धरून गोल फिरत होत्या. यातलं पुष्कळ आपल्याकडे होतं आणि आपणच ते हातचं सोडलं.

एक मात्र स्पष्ट लिहिते. याने गणितात मार्क वाढतील असं मी कुणाही पालकाला सांगत नाही. मोझार्ट ऐकवलं की बाळ हुशार होतं, असे मेसेज अजून फिरतात. ज्या १९९३ च्या प्रयोगावरून हे सुरू झालं, त्यात बाळं नव्हतीच. कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते, आणि त्यांच्यातही फरक दिसला तो काही मिनिटांपुरता. मुलांनी मिळून वाजवावं ते मिळून वाजवण्यासाठी. ऐकणं, थांबणं, दुसऱ्याला वाट देणं, आपली पाळी घेणं हे त्यात आपसूक होतं, आणि हे कमी आहे असं मला वाटत नाही.

‘प्रारंभिकची परीक्षा कधी देणार?’ हा प्रश्न मला दर जूनमध्ये येतो. प्रारंभिक म्हणजे गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांतली पहिली. ज्यांना गाणं किंवा तबला शिकायचाय त्यांनी गुरूकडे जावं, गांधर्वच्या परीक्षा जरूर द्याव्यात. माझी लेकसुद्धा तबल्याला जाते. पण ती वाट दहातल्या एका मुलाची आहे. उरलेली नऊ मुलं कधी लयीत बसणारच नाहीत का?

साधनं नाहीत, हे कारण तर मला पटतच नाही. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते आजूबाजूला मिळणाऱ्या साध्यासुध्या वस्तूंमधून साधनं करत. आपल्या धारावीत कचरा वेचणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांनी प्लास्टिकची पिंपं आणि डबे वाजवत ‘धारावी रॉक्स’ नावाचा बँड उभा केला. शहरात बादल्यांना तोटा नाही.

आवाजाची तक्रार आमच्याकडेही आली, तळमजल्यावरच्या काकांची. ती रास्त होती. आता बादल्यांखाली गोणपाट घालतो, काठ्या बंद, फक्त हात. सहाच्या ठोक्याला संपवतो. काकांच्या दोन्ही नाती गोलात असतात.

शाळांबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे, की पालकसभेत आपण हे मागत नाही. कोडिंग मागतो, टर्फ मागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय, की सहावी ते आठवीसाठी, पट शंभरावर असेल तर, कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, हवा. तुमच्या मुलांच्या शाळेत तो आहे का, एकदा विचारा. आणि आठवड्याला एक तास स्पीकर बंद ठेवून मुलांना स्वतः वाजवू द्याल का, हेही विचारा.

ज्यांच्याकडे मंडळाची खोली आहे, गच्ची आहे, त्यांनी मला इनबॉक्समध्ये लिहा. पहिले दोन-तीन शनिवार मी स्वतः येईन. तोवर घराचं रंगकाम निघालं असेल तर बादल्या टाकू नका. आतला रंग पूर्ण वाळू द्या, मग सोलून निघतो. आणि तारेची कडी काढून ठेवा, ती मध्येच खडखडते आणि छोट्यांचा ठेका चुकतो.